ऐन मोक्याचा पिचर

हातातून निसटू पाहणारा सामना सावरण्यासाठी मध्येच मैदानात उतरणारा ‘रिलीफ पिचर’ हा आजच्या बेसबॉलमधला महत्त्वाचा मोहरा आहे. ही भूमिका फारशी प्रतिष्ठेची मानली जात नव्हती त्या काळात ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडरने एका दुपारी ती वठवली आणि त्याच दुपारीने त्याला अजरामर केले. त्याच्या आयुष्याची ही कहाणी.

१० ऑक्टोबर १९२६. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर हवेत बोचरा गारवा होता आणि आभाळ भरून आले होते. ‘वर्ल्ड सिरीज’ या अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च मालिकेतला सातवा आणि अखेरचा सामना सुरू होता. सेंट लुईसचा कार्डिनल्स संघ आणि न्यूयॉर्कचा यांकीज संघ यांनी प्रत्येकी तीन सामने जिंकले होते. सातव्या डावाच्या उत्तरार्धात कार्डिनल्स ३-२ असे अवघ्या एका धावेने पुढे होते. यांकीजचे दोन गडी बाद झाले होते, मात्र तिन्ही बेसवर त्यांचे धावपटू उभे होते. एक साधा फटका बसला असता तरी मालिकेचे पारडे फिरले असते.

कार्डिनल्सचा पिचर जेसी हेन्स याच्या बोटाला चेंडू पकडून पकडून फोड आला होता आणि त्यातून रक्त येत होते. त्याला चेंडू नीट धरता येईना. संघाचा कर्णधार आणि व्यवस्थापक रॉजर्स हॉर्न्सबी याने मैदानाच्या कडेला बसलेल्या राखीव पिचरांकडे खूण केली. तिकडून एक उंच, किडकिडीत माणूस सावकाश पावले टाकत निघाला. त्याचे वय ३९ होते. आदल्याच दिवशी त्याने पूर्ण नऊ डाव चेंडू टाकून यांकीजना हरवले होते, त्यामुळे आज आपल्याला बोलावणे येईल अशी अपेक्षा इतर कुणीही ठेवली नसती. त्याच्या मद्यपानाच्या कथा सर्वश्रुत होत्या. एका कानाने त्याला ऐकू येत नव्हते आणि केव्हाही फेफऱ्याचा झटका येण्याची टांगती तलवार डोक्यावर होती.

हा माणूस म्हणजे ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडर.

मधल्या खिंडीतला शिपाई

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या वाचकांना या प्रसंगाची गंमत कळण्यासाठी बेसबॉलचे थोडे व्याकरण समजून घ्यावे लागेल. बेसबॉलमध्ये षटके नसतात. सामना सुरू करणारा पिचर जोवर चालतो तोवर तोच चेंडू टाकत राहतो. एकदा त्याला बाहेर काढले की त्या सामन्यात तो पुन्हा परतू शकत नाही. क्रिकेटचा कर्णधार दमलेल्या गोलंदाजाला चार षटके विश्रांती देऊन परत बोलावतो. बेसबॉलच्या व्यवस्थापकाला ही सोय नाही, म्हणून बदलाचा प्रत्येक निर्णय निर्वाणीचा असतो.

बदली येणाऱ्या पिचरची अवस्था आणखी चमत्कारिक असते. बेसवर उभे असलेले धावपटू त्याच्या चुकीने तिथे पोहोचलेले नसतात. दुसऱ्याने करून ठेवलेले कर्ज त्याला फेडायचे असते. बाजूला चार-दोन चेंडू टाकून खांदा गरम करायचा आणि सामना ज्या टोकाला पोहोचला असेल त्या टोकावर जाऊन उभे राहायचे. पहिलाच चेंडू चुकला तरी सावरायला वेळ मिळत नाही.

आज या कामासाठी खास माणसे तयार केली जातात. १९२६ मध्ये तसे नव्हते. वॉशिंग्टनच्या फर्पो मारबेरीसारखा एखादा अपवाद सोडला, तर सुरुवातीच्या पिचरने सामना संपवणे हाच शिरस्ता होता. अखेरच्या डावांत आघाडी टिकवणाऱ्या पिचरच्या नावावर ‘सेव्ह’ नोंदवण्याची पद्धत अधिकृतपणे १९६९ मध्ये आली. अलेक्झांडरच्या त्या दुपारच्या कामगिरीपुढे ‘सेव्ह’ हा शब्द लागला तो पुढे जुनी धावपत्रके तपासली गेली तेव्हा, त्याच्या मृत्यूनंतर.

नेब्रास्काचा शेतकऱ्याचा पोर

अलेक्झांडरचा जन्म २६ फेब्रुवारी १८८७ रोजी नेब्रास्का राज्यातल्या एल्बा या खेड्याजवळ झाला. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदावर ग्रोव्हर क्लीव्हलँड होते आणि त्यांचेच नाव मुलाला ठेवण्यात आले. घर शेतकऱ्याचे, भावंडे १३, त्यातली बहुतेक मुलगेच. सपाट माळरान, कणसांची शेते आणि लांबच लांब कष्टाचे दिवस या वातावरणात तो वाढला. मोठा झाल्यावर टेलिफोनच्या तारा ओढण्याचे काम करू लागला आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांच्या संघांतून खेळू लागला.

१९०९ मध्ये गेल्सबर्ग या लहान शहराच्या व्यावसायिक संघात त्याला जागा मिळाली. त्याच हंगामात एक अपघात झाला. तो दुसऱ्या बेसकडे धावत असताना क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू थेट त्याच्या डोक्यावर आदळला. बराच काळ तो बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा प्रत्येक वस्तू त्याला दोन-दोन दिसू लागली. पिचरच्या दृष्टीने याहून भयंकर शिक्षा नाही. क्लबने त्याला दुसऱ्या संघाच्या गळ्यात मारून हात झटकले. काही महिन्यांनी दृष्टी पूर्ववत झाली. पण पुढे आयुष्यभर छळणाऱ्या फेफऱ्याची मुळे या आघातात असावीत, असे त्याच्या काही चरित्रकारांना वाटते.

१९१० मध्ये सिरॅक्यूज संघाकडून त्याने २९ सामने जिंकले आणि फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाने किरकोळ रकमेत त्याला विकत घेतले. १९११ मध्ये पहिल्याच मोठ्या हंगामात २४ वर्षांच्या या तरुणाने २८ विजय मिळवले. विसाव्या शतकात नवख्या पिचरने इतके सामने जिंकल्याचे दुसरे उदाहरण नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कारकीर्दीच्या अखेरच्या टप्प्यावर असलेल्या साय यंगशी त्याची गाठ पडली. १२ डाव चाललेला तो सामना अलेक्झांडरने १-० असा जिंकला. एका पिढीने दुसरीच्या हाती सूत्रे सोपवावीत, तसाच हा प्रसंग होता.

त्याचा वेग डोळे दिपवणारा नव्हता. त्याचे सामर्थ्य होते अचूकतेत. चेंडू फलंदाजाच्या गुडघ्याजवळ, पाटीच्या कडेला, जिथे हवा तिथे पडे. अंगविक्षेप नाहीत, लांबलचक तयारी नाही. हात सहज बाजूने यायचा आणि चेंडू गेलेला असायचा. त्याचे सामने झटपट संपत. कारकीर्दीत त्याने ५१९० डाव चेंडू टाकले आणि त्यात नऊ डावांमागे दोनपेक्षा कमी फलंदाजांना मोफत बेस दिला. आणीबाणीच्या वेळी हीच अचूकता त्याच्या कामी येणार होती.

फिलीजचे मैदान म्हणजे पिचरांची कत्तलखाना. उजव्या बाजूची भिंत इतकी जवळ होती की मामुली उंच फटकाही तिच्यावर जाऊन आदळे. अशा मैदानावर खेळून १९१५ मध्ये त्याने ३१, १९१६ मध्ये ३३ आणि १९१७ मध्ये ३० सामने जिंकले. १९१६ मध्ये तर १६ सामन्यांत त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव करू दिली नाही. हा विक्रम शंभरहून अधिक वर्षे अबाधित आहे. १९१५ मध्ये त्याच्याच जोरावर फिलीज संघ प्रथमच वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला. बोस्टनविरुद्धचा पहिला सामना त्याने जिंकून दिला, पण पुढचे चारही सामने फिलीजने गमावले. वर्ल्ड सिरीजमधला आणखी एक विजय पाहण्यासाठी त्या संघाला १९८० पर्यंत थांबावे लागले.

तोफांच्या आवाजात

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. आपला हुकमी पिचर सैन्यात भरती केला जाणार, हे ओळखून फिलीजच्या मालकांनी हंगाम संपताच त्याला आणि त्याचा जिवलग कॅचर बिल किलेफर याला शिकागो कब्ज संघाला विकून टाकले. त्या बदल्यात ५५ हजार डॉलर आणि दोन सामान्य खेळाडू पदरात पाडून घेतले. हिशेब अचूक ठरला. १९१८ मध्ये शिकागोकडून जेमतेम तीन सामने खेळल्यावर अलेक्झांडरला सैन्याचे बोलावणे आले. मे महिन्याच्या अखेरीस कॅन्सस राज्यात त्याने एमी अॅरंट्सशी लग्न केले आणि काही आठवड्यांतच तो तोफखान्याच्या तुकडीबरोबर फ्रान्सला रवाना झाला.

फ्रान्समधल्या आघाडीवर तो काही आठवडे सतत तोफांच्या भडिमारात होता. तोफ डागण्यासाठी दोरी ओढताना उजव्या हाताच्या स्नायूंना इजा झाली. स्फोटांच्या आवाजाने डाव्या कानाचे ऐकू येणे बंद झाले. उजव्या कानाला तोफगोळ्याचा तुकडा लागला. परत आला तो बदललेला माणूस होता. फेफऱ्याचे झटके येऊ लागले होते आणि रणांगणावर मनावर बसलेला धसका जाता जात नव्हता. आज अशा अवस्थेला वैद्यकशास्त्रात नाव आहे, तिच्यावर उपचार आहेत. १९१९ मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द होता, पण त्यापुढे फारसे काही नव्हते. अलेक्झांडरने आपल्यापुरता उपाय शोधला. तो दारूचा होता.

जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी लागू झाली. अलेक्झांडरच्या पिण्यात तिच्यामुळे खंड पडला नाही. फेफऱ्याबद्दल त्या काळी समाजात इतकी भीती आणि लाज होती की, आजार उघड होण्यापेक्षा लोकांनी दारुडा समजलेले बरे, असेच त्याला वाटत असावे. मैदानावर झोक जाण्याचे कारण दर वेळी बाटली नव्हते, असे एमी पुढे सांगत असे. खरे काय आणि किती, हे वेगळे करून पाहणे त्या काळीही कठीण होते. दोन्ही गोष्टी एकमेकांना खतपाणी घालत होत्या एवढे खरे.

तरीही हात चालत होता. १९२० मध्ये त्याने २७ सामने जिंकून विजय, बळी आणि धावांची सरासरी या तिन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. पुढे वय वाढले, वेग ओसरला. अचूकता मात्र कायम राहिली.

नकोसा झालेला माणूस

१९२६ मध्ये शिकागोची सूत्रे जो मॅकार्थी या नव्या व्यवस्थापकाकडे आली. मॅकार्थी शिस्तीचा भोक्ता. वेळ न पाळणारा, पिऊन येणारा वयस्क पिचर त्याला संघात नको होता. जूनमध्ये अलेक्झांडरला सोडून देण्यात आले आणि कार्डिनल्सने नियमानुसार ठरलेली जुजबी किंमत मोजून त्याला उचलले. किलेफर आता कार्डिनल्सचा प्रशिक्षक होता आणि आपल्या जुन्या मित्रात अजून किती दम आहे हे त्याला ठाऊक होते. हॉर्न्सबी स्वतः दारूला स्पर्श न करणारा, पण दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात डोकावणे त्याला पसंत नव्हते. चेंडू नीट पडतो ना, एवढेच तो पाहत असे. उरलेल्या हंगामात अलेक्झांडरने कार्डिनल्ससाठी ९ सामने जिंकले आणि संघ इतिहासात प्रथमच वर्ल्ड सिरीजमध्ये दाखल झाला.

समोर होता बेब रूथ आणि लू गेरिग यांचा यांकीज संघ. पहिला सामना यांकीजने जिंकला. दुसऱ्यात अलेक्झांडरने १० फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, शेवटचे २१ फलंदाज सलग बाद केले आणि मालिका बरोबरीत आणली. मालिका पुढे सरकली तसे पारडे वरखाली होत राहिले. चौथ्या सामन्यात रूथने तीन होमरन मारले. पाच सामन्यांनंतर यांकीज ३-२ असे पुढे होते. ९ ऑक्टोबरला सहाव्या सामन्यात कार्डिनल्सने पुन्हा अलेक्झांडरच्या हाती चेंडू दिला आणि त्याने १०-२ असा सामना जिंकून दिला. नऊच्या नऊ डाव त्याने एकट्याने टाकले.

त्या रात्री काय घडले, याबद्दल गेली अनेक दशके वाद सुरू आहे. आपले काम संपले अशा समजुतीने अलेक्झांडरने रात्रभर यथेच्छ मद्यपान केले आणि दुसऱ्या दिवशी तो अर्धवट झिंगेतच मैदानात आला, ही आख्यायिका अमेरिकेत घरोघरी सांगितली गेली. स्वतः अलेक्झांडरने ती नेहमी नाकारली. उद्या गरज पडली तर तयार राहा, असे हॉर्न्सबीने आदल्या दिवशीच बजावले होते, असे तो सांगत असे. एमीनेही त्याचीच बाजू घेतली. कथा मात्र लोकांना झिंगलेल्या नायकाचीच आवडली. नशेतला माणूस चमत्कार करतो यात सांगायला रस असतो. थकलेला माणूस आपले काम नीट करतो यात तितका वाटत नाही.

ते तीन-चार चेंडू

हॉर्न्सबी पुढे चालत गेला आणि त्याने अलेक्झांडरला वाटेतच गाठले. परिस्थिती समजावून सांगितली, त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि चेंडू त्याच्या हाती दिला. हॉर्न्सबीवरही त्या दिवसांत दुःखाचे सावट होते. मालिका सुरू होण्याच्या तोंडावर त्याची आई वारली होती आणि तिचे अंत्यसंस्कार मालिका संपेपर्यंत लांबणीवर टाकण्यात आले होते.

फलंदाजीला उभा होता टोनी लॅझेरी. वय २२, इटलीहून आलेल्या कुटुंबातला सॅन फ्रान्सिस्कोचा मुलगा. आदल्या वर्षी खालच्या दर्जाच्या लीगमध्ये त्याने ६० होमरन मारले होते. मोठ्या लीगमधल्या या पहिल्याच हंगामात त्याच्या फटक्यांवर शंभराहून अधिक धावा झाल्या होत्या. ताकद भरपूर, उत्साह त्याहून अधिक. अलेक्झांडरने हे हेरले होते. तरुण फलंदाज अशा क्षणी वाट पाहत नाही, तो चेंडूवर तुटून पडतो. दुसऱ्या आणि सहाव्या सामन्यात लॅझेरीला त्याने जवळून पाहिले होतेच.

त्याने घाई केली नाही. चेंडूंचा क्रम नेमका कसा होता याबद्दल प्रत्यक्षदर्शींमध्येही मतभेद आहेत. एक स्ट्राइक मिळाला हे निश्चित. मग एक चेंडू आतल्या बाजूला गेला आणि लॅझेरीने तो पूर्ण ताकदीने टोलावला. चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांच्या दिशेने झेपावला. यांकीजचे चाहते उभे राहिले. क्षणभर वाटले, चौघे धावपटू घरी येणार आणि मालिका संपणार. अखेरच्या काही फुटांत चेंडू वळला आणि सीमारेषेबाहेर पडला. फाउल. म्हणजे आणखी एक स्ट्राइक.

यश आणि अपयश यांच्यात एवढेच अंतर होते. चेंडू काही फूट आत पडला असता तर अलेक्झांडर हे नाव वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहिले असते. त्याला स्वतःला याची पुरेपूर जाणीव होती आणि पुढे तो हे मोकळेपणाने मान्यही करत असे.

पुढचा चेंडू त्याने बाहेर, खाली वळवला. बॅटच्या टप्प्यात आहे असे वाटायला लावणारा आणि ऐन वेळी दूर जाणारा. लॅझेरीने बॅट फिरवली. ती हवेतून गेली. डाव संपला. तिन्ही धावपटू होते तिथेच राहिले.

आठव्या डावात अलेक्झांडरने तीन फलंदाज ओळीने बाद केले. नवव्यात पहिले दोघे गेल्यावर समोर रूथ आला. पाच चेंडूंनंतर तीन बॉल, दोन स्ट्राइक अशी स्थिती होती. सहावा चेंडू अगदी निसटता बाहेर गेला आणि रूथला पहिला बेस मिळाला. पुढे बॉब म्यूझल आणि त्याच्यामागे गेरिग. त्या क्षणी रूथने अनाकलनीय निर्णय घेतला. त्याने दुसरा बेस चोरण्यासाठी धाव घेतली. कॅचर बॉब ओफॅरेलचा फेकलेला चेंडू हॉर्न्सबीच्या हातात वेळेत पोहोचला आणि रूथ बाद झाला. वर्ल्ड सिरीजचा शेवट बेस चोरण्याच्या फसलेल्या प्रयत्नावर झाल्याचे हे एकमेव उदाहरण आहे. कार्डिनल्सचे ते पहिले विश्वविजेतेपद.

दबाव कुणाला मानवतो?

अशा प्रसंगांनंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो. दबावाखाली शांत राहण्याची ही शक्ती काही माणसांत उपजतच असते का? संख्याशास्त्राचे अभ्यासक याबाबत सावध असतात. अंतिम टप्प्यातले सामने इतके थोडे असतात की, त्यांवरून कुणाच्या स्वभावाविषयी ठाम निष्कर्ष काढणे धोक्याचे, असे त्यांचे म्हणणे. अलेक्झांडरचेच पुढचे आयुष्य या सावधगिरीला पुष्टी देते.

१९२७ मध्ये वयाच्या चाळिशीत त्याने २१ सामने जिंकले. १९२८ मध्ये कार्डिनल्स आणि यांकीज वर्ल्ड सिरीजमध्ये पुन्हा समोरासमोर आले. दुसरा सामना अलेक्झांडरकडे सोपवण्यात आला. पहिल्याच डावात गेरिगने त्याला होमरन मारला आणि तिसरा डाव संपण्याआधीच त्याला मैदान सोडावे लागले. चौथ्या सामन्यात तो रिलीफ पिचर म्हणून आला, अगदी दोन वर्षांपूर्वीसारखाच. त्या वेळी रूथने त्याच्या चेंडूवर सामन्यातला आपला तिसरा होमरन ठोकला. यांकीजनी चारही सामने जिंकले. माणूस तोच होता, प्रतिस्पर्धीही तेच होते. पाच डावांत त्याने ११ धावा दिल्या.

आधुनिक काळातही हेच दिसते. न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिव्हेरा हा या भूमिकेतला सर्वश्रेष्ठ मानला जातो. अंतिम टप्प्यातील सामन्यांत ४२ ‘सेव्ह’ आणि नऊ डावांमागे ०.७० धावा ही त्याची कामगिरी थक्क करणारी आहे. २०१९ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’साठी त्याला १०० टक्के मते मिळाली आणि असा मान मिळवणारा तो पहिला खेळाडू ठरला. तरीही २००१ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात ॲरिझोनाविरुद्ध नवव्या डावात आघाडी टिकवणे त्यालाही जमले नाही. संकटसमयी हमखास यश देणारा माणूस कुठेच नसतो. संकटातही आपली नेहमीची पद्धत न सोडणारी माणसे मात्र असतात. १९२६ च्या त्या दुपारी अलेक्झांडरने काही नवे केले नाही. १५ वर्षे तो जे करत आला होता, तेच त्याने केले. चेंडू हवा तिथे टाकला आणि फलंदाजाला चूक करण्याची संधी दिली.

टाळ्यांनंतरची शांतता

१९२९ च्या ऑगस्टमध्ये अलेक्झांडरने कारकीर्दीतला ३७३ वा विजय मिळवला, तोही रिलीफ पिचर म्हणून. क्रिस्टी मॅथ्यूसनचा नॅशनल लीगमधला विक्रम त्याने मोडला, असे तेव्हा मानले गेले. पुढे जुन्या नोंदी तपासताना मॅथ्यूसनचा एक विजय सापडला आणि दोघांची बरोबरी झाली. तोवर अलेक्झांडर निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता.

१९३० मध्ये तो फिलीजकडे परतला, पण एकही सामना जिंकू शकला नाही. मोठ्या लीगचे दार कायमचे बंद झाले. मग तो ‘हाउस ऑफ डेव्हिड’ या धर्मपंथाच्या फिरत्या संघातून गावोगाव खेळू लागला. त्या संघाचे खेळाडू लांब दाढ्या राखण्याबद्दल प्रसिद्ध होते. अलेक्झांडरला मात्र दाढीची सक्ती नव्हती. एमीशी त्याचा घटस्फोट झाला, पुन्हा लग्न झाले आणि पुन्हा घटस्फोट झाला. तरीही दोघांमधला धागा पूर्ण तुटला नाही.

१९३८ मध्ये त्याची ‘हॉल ऑफ फेम’साठी निवड झाली. १९३९ च्या जूनमध्ये कूपर्सटाउन येथे संग्रहालयाचे उद्घाटन झाले, तेव्हा रूथ, साय यंग, वॉल्टर जॉन्सन यांच्या पंक्तीत तोही उभा होता. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या ४२ व्या रस्त्यावरील एका करमणुकीच्या संग्रहालयात त्याने नोकरी धरली. तिथे पिसवांची सर्कस होती, इतर चमत्कारिक खेळ होते आणि एका कोपऱ्यात ठरावीक वेळी उभा राहून लॅझेरीला कसे बाद केले, ही कथा सांगणारा अलेक्झांडर होता. लोक पैसे देऊन येत, ऐकत आणि पुढच्या खेळाकडे वळत. बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत थरारक क्षणाचा मानकरी तो क्षण दिवसातून अनेकदा विकत होता.

लॅझेरीच्या वाट्यालाही पुढे सुख फारसे आले नाही. यांकीजसाठी त्याने पाच विश्वविजेतेपदे जिंकण्यात मोलाचा वाटा उचलला, पण लोकांना तो आठवे त्या एका स्ट्राइकआउटसाठी. योगायोग असा की, लॅझेरीलाही फेफऱ्याचा विकार होता. त्या दुपारी ६० फूट अंतरावर समोरासमोर उभे असलेले दोघेही हे एकच दुखणे लपवत होते. लॅझेरी १९४६ मध्ये ४२ व्या वर्षी वारला. ‘हॉल ऑफ फेम’ने त्याला १९९१ मध्ये सामावून घेतले. अलेक्झांडरच्या तिथल्या फलकावर मात्र त्याचे नाव आधीपासूनच कोरलेले होते, बाद झालेला फलंदाज म्हणून.

अलेक्झांडरच्या अखेरच्या वर्षांत कर्करोगामुळे त्याचा एक कान काढावा लागला. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये फिलीज संघ १९१५ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला. प्रतिस्पर्धी होते यांकीज आणि मैदान तेच, यांकी स्टेडियम. जुना अलेक्झांडर तो सामना पाहायला गेला. प्रेक्षकांत त्याला ओळखणारे फारसे उरले नव्हते. त्यानंतर महिनाभरात, ४ नोव्हेंबर १९५० रोजी नेब्रास्कातल्या सेंट पॉल या गावी भाड्याच्या खोलीत त्याने अखेरचा श्वास घेतला. वय होते ६३. ज्या परिसरात टेलिफोनच्या तारा ओढत त्याने तारुण्य घालवले, तिथल्याच मातीत त्याला विसावा मिळाला.

१९५२ मध्ये त्याच्या आयुष्यावर ‘द विनिंग टीम’ हा चित्रपट निघाला. त्यात एमीचे काम डोरिस डे हिने केले आणि अलेक्झांडरचे रोनाल्ड रेगन यांनी. एका राष्ट्राध्यक्षाचे नाव घेऊन जन्मलेल्या माणसाला पडद्यावर साकारणारा नट पुढे स्वतःच राष्ट्राध्यक्ष झाला. चित्रपटात नायकाचे दुखणे दिसते, पण फेफरे हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. मृत्यूनंतरही त्या आजाराची लाज त्याच्या पाठीशी राहिलीच.

३७३ विजय, ९० सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला शून्यावर रोखणे, सलग तीन हंगामांत ३० किंवा त्याहून अधिक विजय. हा सारा ऐवज अभ्यासकांच्या पुस्तकांत सुरक्षित आहे. सर्वसामान्य रसिकांच्या आठवणीत मात्र राहिले ते तीन-चार चेंडू आणि त्याआधीची ती सावकाश चाल. मैदानाच्या कडेपासून मधोमध यायला अलेक्झांडरला फार वेळ लागला, असे प्रेक्षकांना वाटले होते. डोक्यावर बसलेला चेंडू, फ्रान्समधल्या तोफा, बहिरा कान, नोकरीवरून झालेली हकालपट्टी आणि आदल्या दिवशीचे नऊ डाव हे सारे बरोबर घेऊन तो माणूस येत होता. थोडा उशीर होणारच.